‘नाव टाकून ठेव’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बारावीचा निकाल लागला की मुदखेडात सल्लागारांना तोटा राहत नाही. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर, तहसीलच्या सेतू केंद्रातल्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत सल्ले मिळतात. गुणवंतांच्या सत्कारात तर शाल-नारळासोबत सल्लाही हातात पडतो. बोलणारे वेगवेगळे, सल्ला मात्र एकच. “कॉलेजात जाऊन काय करायलास? कुठंतरी नाव टाकून ठेव. डिग्री होऊन जाते. खरा अभ्यास बाहेर कर.” बाहेर म्हणजे नांदेडच्या क्लासला, पुण्याच्या अभ्यासिकेत, नाहीतर भरतीच्या मैदानावर.

हा सल्ला देणारे लोक वाईट नाहीत. मामा असतात, चुलते असतात, गल्लीतला दोन वर्षं पुढचा दादा असतो, कधी कधी खुद्द गुरुजीही असतात. लेकराचं भलं व्हावं असंच त्यांना वाटतं. तरीही सल्ला चुकीचा आहे, आणि तो इतक्या घरांत पोचला आहे की त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे. व्यवहारी म्हणून तो दिला जातो, पण हिशेबाला बसत नाही. मुलींच्या बाबतीत तो सरळसरळ धोक्याचा आहे. आणि ज्या रिकाम्या कॉलेजांकडे बोट दाखवून तो दिला जातो, ती कॉलेजं रिकामी करण्यात त्याचाच मोठा हात आहे.

आधी हा सल्ला आला कुठून ते पाहू. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांनी कॉलेजात नाव घालायचं आणि दिवसभर क्लासला बसायचं, ही रीत आपल्याकडे इतकी रुळली की 2018 मध्ये राज्य सरकारला अनेक विभागांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. या रीतीचं समर्थन करताना हमखास लातूर पॅटर्नचा दाखला दिला जातो. लातूर-नांदेडची पोरं डॉक्टर झाली ती क्लासमुळं, कॉलेजमुळं नाही, असं ठासून सांगितलं जातं. हा दाखला अर्धवट आहे. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते कॉलेजच्या भिंतींच्या आत. 1970 साली सुरू झालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय, त्याआधीचं दयानंद महाविद्यालय, ही त्याची घरं. तिथल्या प्राध्यापकांनी जादा तास घेतले, चाचण्यांवर चाचण्या घेतल्या, पेपर तपासून मुलांच्या हातात दिले, कच्च्या मुलांना पुन्हा बसवलं. प्राचार्य अनिरुद्ध जाधवांचं नाव त्या कामाशी जोडलं गेलं ते याच मेहनतीमुळं. शाहू कॉलेजचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढं नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे ज्या यशाच्या जोरावर कॉलेज निरर्थक ठरवलं जातं, ते यश मुळात कॉलेजनं कमावलेलं होतं. खाजगी क्लासांनी पुढं त्यातला चाचण्यांचा भाग उचलला आणि फी लावून विकला. त्या पॅटर्नवर पाठांतराचे, गुणांच्या हव्यासाचे आक्षेप घेता येतात, आणि ते घ्यायलाही हवेत. पण कॉलेजला न जाता यश मिळतं, हा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

बारावीपर्यंत एक वेळ ही रीत समजून घेता येईल. प्रवेश परीक्षेची तारीख ठरलेली असते, विषय तीन-चार असतात, दोन वर्षांनी निकाल लागतो. पण तीच सवय घेऊन मूल पदवीच्या पहिल्या वर्षाला येतं, तेव्हा घोटाळा सुरू होतो. कॉलेज म्हणजे फॉर्म भरण्याची आणि हॉलतिकीट घेण्याची जागा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पुढची तीन वर्षं त्याच समजुतीवर निघून जातात.

आता सल्ल्याचा हिशेब मांडू, कारण सल्लागार मंडळी स्वतःला हिशेबी म्हणवतात. 2024 च्या नीटला देशभरातून 24 लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या सरकारी आणि खाजगी मिळून जागा तेव्हा लाखाच्या थोड्याच वर होत्या. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या वर. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाख 76 हजार अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे शंभर. मुदखेडात सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आहे, गणवेशाची ओढ इथल्या पोरांना लहानपणापासून आहे, आणि पहाटे पळणाऱ्या पोरांच्या जिद्दीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. त्यांनी पळावं. प्रश्न एवढाच की शंभरातल्या ज्या नव्व्याण्णवांची निवड होत नाही, त्यांच्या हातात काय उरतं?

नाव टाकून ठेवलेल्या मुलाच्या हातात पदवीचा कागद उरतो आणि त्या कागदामागं काही नसतं. बी.ए. राज्यशास्त्र असतं, पण ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प वाचता येत नाही. बी.कॉम. असतं, पण साधी जमाखर्चाची वही लिहिता येत नाही. बी.एस्सी. असतं, पण प्रयोगशाळेतलं सामान फक्त तोंडी परीक्षेच्या दिवशी पाहिलेलं असतं. भरतीचं वय संपतं तेव्हा तो 28-30 वर्षांचा असतो, आणि अठराव्या वर्षी जे फुकटात शिकता आलं असतं ते आता पैसे मोजून शिकावं लागतं. ज्या मुलानं तीन वर्षं वर्गात बसून एक विषय नीट शिकला, एक प्राध्यापक ओळखीचा केला, चार पानं स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय लावली, त्याचीही भरतीत निवड होईलच असं नाही. पण निवड हुकली तर तो रस्त्यावर येत नाही. भरतीची तयारी आणि कॉलेज यांत निवड करायला लावणारा सल्ला म्हणूनच खोटा आहे. सकाळी पळून येऊन अकराच्या तासाला बसता येतं.

स्पर्धा परीक्षेचा मुद्दा तर आता साफ उलटला आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी बहुतांशी पर्याय निवडण्याची होती. नवी पद्धत वर्णनात्मक आहे. ती लगेच लागू करू नका म्हणून 2023 च्या सुरुवातीला पुण्यात मुलांनी मोठं आंदोलन केलं, आणि ती 2025 वर गेली. या पद्धतीत 1,750 गुणांची मुख्य परीक्षा आहे. त्यात 250 गुणांचा निबंध आहे, सामान्य अध्ययनाचे 250 गुणांचे चार पेपर आहेत आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून 500 गुण आहेत. वैकल्पिक विषय म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, मराठी साहित्य, म्हणजेच बी.ए.च्या वर्गात रोज शिकवले जाणारे विषय. मुदखेडचा मुलगा इतिहासाच्या वर्गाला दांडी मारतो, पुण्यात खोली भाड्यानं घेतो आणि तोच इतिहास क्लासची फी भरून शिकतो. निबंध लिहिण्याची सवय लावायला पदवीची तीन वर्षं पुरेशी असतात. ती वाया घालवून नंतर सहा महिन्यांत निबंध शिकवणारे वर्ग शोधतो. याला व्यवहार कसं म्हणायचं?

नव्या शैक्षणिक धोरणानंही नाव टाकून ठेवण्याची सोय मोडली आहे, हे सल्लागारांच्या कानावर अजून गेलेलं दिसत नाही. महाराष्ट्रात 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही 2020 चं धोरण लागू झालं. आता पदवी क्रेडिटवर मोजली जाते. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले साधारण 15 तास, प्रात्यक्षिकाचे 30. वर्षाला 40 ते 44 क्रेडिट मिळवायची असतात. ती विद्यार्थ्याच्या नावानं ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय आहे, कौशल्याचे अभ्यासक्रम आहेत, क्षेत्रीय प्रकल्प आहे, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे. यातलं बरंचसं काम गाइड वाचून होत नाही. गावात जाऊन माहिती गोळा करावी लागते, कुठल्यातरी दुकानात, बँकेत, नर्सरीत, पतसंस्थेत काही आठवडे काम करावं लागतं. मुदखेड, बारड, मुगट या पट्ट्यात केळी, हळद आणि फुलांची शेती आहे. फुलांचा भाव ठरतो कसा, हळदीच्या वाळवणीत तोटा कुठं होतो, केळीच्या गाडीमागं कोण किती कमावतं, यावर एका मुलीनं किंवा मुलानं मनापासून प्रकल्प केला तर तो क्रेडिटपलीकडे जाईल. पण त्यासाठी आधी वर्गात असावं लागतं, आणि मार्गदर्शक प्राध्यापकाला तुमचं तोंड माहीत असावं लागतं.

या धोरणातल्या एका सोयीबद्दल मात्र पालकांना आणि मुलींना सावध करायलाच हवं. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं, वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम केलं, तर प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. कागदावर ही सोय चांगली आहे. आजारपणामुळं, कामामुळं ज्याचं शिक्षण थांबलं त्याला दार उघडं राहतं. पण आपल्या भागात हे दार कोणासाठी आधी उघडलं जाईल, याचा विचार करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्के होतं. परभणी आपल्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. अशा मुलखात “एक वर्षाचं सर्टिफिकेट झालं की, आता पुरे” हे वाक्य ऐकायला फार दिवस लागणार नाहीत.

आणि मुलीला नाव टाकून ठेवण्याचा सल्ला म्हणजे या वाक्याची तयारीच. मुलाचं नाव टाकतात तेव्हा निदान त्याला क्लासला पाठवतात. मुलीचं नाव टाकतात तेव्हा ती घरीच असते. सकाळी स्वयंपाक, दुपारी लहान भावंडं, हंगामात फुलांची तोडणी. “शिकायला हाय की, एफ.वाय.ला” असं पाहुण्यांना सांगायला ते नाव उपयोगी पडतं, आणि स्थळ आलं की तेवढ्याच सहजपणे ते काढलंही जातं. रोज बस किंवा रेल्वेनं जाणाऱ्या, मैत्रिणी असलेल्या, परीक्षेच्या तारखा पाठ असलेल्या मुलीचं शिक्षण थांबवणं घरच्यांनाही जड जातं. न जाणाऱ्या मुलीचं शिक्षण थांबलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मुलींना एकच सांगणं: प्रवेश घेतला असेल तर जा. घरात कुणी म्हटलं की आज नको, तर उद्या जा, पण जा.

जायचं कसं, खर्च कोण करणार, असा प्रश्न येतो. मुदखेडपुरतं त्याचं उत्तर बऱ्यापैकी सोपं आहे, आणि सल्लागार ते सांगत नाहीत. मुदखेड हे जंक्शन आहे. सिकंदराबाद-मनमाड मार्गावरून आदिलाबादचा फाटा इथूनच फुटतो. नांदेड इथून वीस-बावीस किलोमीटरवर, मधे मुगट आणि मालटेकडी. शाळा-कॉलेजच्या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत रेल्वे दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते. पुढं मुलांना तो सवलतीत मिळतो. कॉलेजकडून दाखला घ्यायचा, स्टेशनवर द्यायचा, एवढंच काम. एसटीच्या विद्यार्थी पासात मूळ भाड्याचा एक तृतीयांशच खर्च येतो, आणि मार्च 2023 पासून स्त्रियांना एसटीत तिकीटच अर्धं आहे. तालुक्याच्या ठिकाणचं कॉलेज तर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या तुलनेत पुण्यातली खोली, मेस, अभ्यासिकेची खुर्ची, क्लासची फी यांचा महिन्याचा हिशेब बापानं एकदा कागदावर लिहावा. पुण्याला जाऊ नका असं मी म्हणत नाही. तिथं हवा तो विषय, हवी ती प्रयोगशाळा, हवं ते कॉलेज असेल तर जरूर जा. पण मुदखेडच्या कॉलेजात नाव टाकून, तिथलं काहीच न घेता, पुण्याच्या खुर्चीचं भाडं भरणं म्हणजे दोन्हीकडून नागवलं जाणं आहे.

आता समोरच्यांच्या सर्वांत दमदार मुद्द्याकडे येऊ, कारण त्याला बगल दिली तर हा सगळा प्रतिवाद पोकळ ठरेल. ते म्हणतात, “जावं तर जावं कशाला? तिथं शिकवायलाच कोण हाय?” या प्रश्नात तथ्य आहे. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांच्या हजारो जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. त्या जागांवर तासिका तत्त्वावर माणसं नेमली जातात. नेट-सेट, पीएच.डी. झालेली ही माणसं तासाच्या दरानं राबतात, सुट्टीतलं मानधन त्यांना मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी आपण इथं असू का हे त्यांना ठाऊक नसतं. ग्रंथालयाचं दार अर्धा दिवस बंद, प्रयोगशाळेत रसायनं संपलेली, वर्गात वेळापत्रक लावलेलं पण तास होत नाही, अशी कॉलेजं मराठवाड्यात आहेत. हे नाकारणं म्हणजे मुलांची दिशाभूल करणं.

पण या दुखण्यावर सल्लागारांनी सुचवलेला उपाय काय? मुलांनी जाऊ नये. मग काय होतं ते पाहा. वर्गात चार मुलं बसली की तासिका तत्त्वावरचा तरुण प्राध्यापक दोन-चार दिवस शिकवतो, मग त्याचाही उत्साह मावळतो. तास झाला नाही तरी तक्रार करणारं कुणी नसतं, म्हणून प्राचार्यांना जाब विचारला जात नाही. संस्थाचालकाला पटावरची संख्या हवी असते, ती नाव टाकल्यानं मिळालेलीच असते. सरकारला पदं न भरण्याचं कारण आयतं मिळतं. हजेरीच्या कागदावर सगळं सुरळीत असतं. मूल, पालक, प्राध्यापक, संस्था, सरकार सगळ्यांचं आपापल्या परीनं भागतं, आणि शिक्षण तेवढं होत नाही. या व्यवस्थेला हात लावण्याची ताकद असलेला एकच घटक त्यात आहे, तो म्हणजे वर्गात येऊन बसणारा विद्यार्थी. त्यालाच घरी थांबवणारा सल्ला वाईट कॉलेजांना पाठीशी घालतो.

आणि विद्यार्थ्याच्या हातात काहीच नाही, हेही खरं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते, आणि तिच्यावर विद्यार्थी परिषदेच्या पदाधिकाऱ्यांना जागा असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणारी समिती आणि त्यावर लोकपाल नेमायचा असतो. अनुदानित महाविद्यालयाला माहिती अधिकार लागू आहे. मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या वर्षी ग्रंथालयावर किती खर्च झाला, हे दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. “या भानगडीत पडू नको, राजकारण होईल” असा जोड-सल्ला इथं लगेच येतो. वर्गात तास झाला पाहिजे म्हणून प्राचार्यांना अर्ज देणं हे राजकारण असेल, तर ते अठरा वर्षांच्या मतदाराला यायलाच हवं.

‘बाहेरच’ शिकून मोठ्या झालेल्यांची यादीही या वादात पुढं केली जाते, आणि नांदेडच्या परिसरात त्या यादीत नरहर कुरुंदकरांचं नाव हमखास येतं. परीक्षांत ते अडखळले हे खरं. पण त्यावरून कॉलेज नको असा अर्थ काढणाऱ्यांनी त्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग पाहावा. नांदेडच्या शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक, शेवटी त्याच कॉलेजचे प्राचार्य. 1982 मध्ये ते गेले तेव्हा प्राचार्यच होते. परीक्षेचा त्यांनी फार बाऊ केला नाही, पण वर्ग, ग्रंथालय आणि विद्यार्थी यांच्यापासून ते कधी लांब गेले नाहीत. आजचा सल्ला बरोबर उलट आहे. परीक्षा तेवढी दे, बाकीचं सोड.

ज्या कॉलेजला आपण नाव टाकण्यापुरतं समजतो, ते या भागात कसं आलं हेही एकदा समजून घ्यावं. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे. तिथलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. नांदेडकडून हैदराबादला जाणारी रेल्वे मुदखेडवरूनच जायची, आणि ज्यांच्या घरी ऐपत होती त्यांचीच मुलं तिच्यात बसायची. 17 सप्टेंबर 1948 ला ती राजवट संपली, आणि दोन वर्षांच्या आत, 1950 मध्ये, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचं काम सुरू केलं. स्वातंत्र्य मिळाल्यावर या माणसांनी आधी कॉलेजं काढली. 1958 मध्ये मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं असा ठराव 1978 मध्ये झाला, तेव्हा उसळलेल्या हिंसेत आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. याच नावाच्या मागणीसाठी नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. विद्यापीठाच्या दारावरच्या नावासाठी या जिल्ह्यानं माणसं गमावली आहेत. ज्यांच्या आज्या-पणज्यांना शाळेच्या ओट्यावरही बसू दिलं नाही, त्यांची नातवंडं आज त्या वर्गात बसू शकतात. ती खुर्ची रिकामी ठेवा असा सल्ला देणाऱ्यानं तो कोणाला देतो आहोत, याचा विचार करावा.

आता थोडं कामाचं, कारण नुसता वाद घालून मुलांचं भागत नाही.

प्रवेशाआधी कागदपत्रांची फाइल तयार करा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, टीसी. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, त्याचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मूळ कागद पडताळणीला दाखवा, पण कॉलेजकडे ठेवून येऊ नका. ते अडकवून ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन पाहा, नाहीतर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही खात्यात येत नाही. महाडीबीटीचा अर्ज स्वतःच्या मोबाइल नंबरवरून भरा आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. सेतूवाल्याच्या नंबरावर भरलेला अर्ज पुढच्या वर्षी उघडत नाही.

योजनांची नीट माहिती घ्या, अर्ध्या ऐकीव बातमीवर राहू नका. “मुलींना आता सगळं फुकट” असं जे ऐकू येतं ते पूर्ण खरं नाही. जुलै 2024 च्या निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना पूर्ण शिक्षण आणि परीक्षा शुल्काची सवलत मिळाली, पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, आणि केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर ती लागू होत नाही. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे, शहराच्या वर्गानुसार ती वर्षाला 60 हजारांपर्यंत जाते. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना, आर्थिक मागासांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. यातल्या बहुतेक ठिकाणी हजेरी पाहिली जाते. नाव टाकून ठेवणाऱ्याचे पैसे इथंही बुडतात.

पहिल्या महिन्यात ग्रंथालयाचं कार्ड काढा आणि आठवड्याला एक पुस्तक घरी आणा. प्रत्येक विषयाच्या एका तरी प्राध्यापकाला तासानंतर एक खरा प्रश्न विचारा. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव द्या. 1969 पासून चालत आलेल्या त्या योजनेतलं सात दिवसांचं शिबिर अनेक खेड्यांतल्या मुलींसाठी घराबाहेर राहण्याचा पहिला अनुभव असतो. इंग्रजीची भीती वाटत असेल तर रोज पंधरा ओळी लिहा आणि वर्गातल्याच कुणाला तरी दाखवा. वसतिगृहात गेलात आणि कुणी छळलं तर गप्प बसू नका. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात 1999 पासून आहे आणि 1800-180-5522 ही हेल्पलाइन चालू आहे.

पालकांना एवढंच सांगायचं आहे. बाजारात बी-बियाणं घेताना तुम्ही पावती मागता, पिशवीवरची तारीख वाचता. लेकराच्या कॉलेजात वर्षातून एकदा तरी जा. वेळापत्रक कुठं लावलंय ते बघा, तास झाले का ते विचारा. आणि मुलीला आज कॉलेजला जाऊ नको असं म्हणण्याआधी, मुलाला आपण असं कधी म्हणालो होतो का, ते आठवून पाहा.

मुलांनो, यंदा प्रवेश घ्याल तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गात जाऊन बसा. शिक्षक आले तर ऐका, वहीत लिहा, शंका विचारा. सलग आठवडाभर तास झाला नाही तर चौघं मिळून प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहा, तारीख घाला, सगळ्यांच्या सह्या घ्या, कार्यालयात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.